आतली कडी

ताईला एका जागी बसता येत नसे. बैठक संपेपर्यंत ती किती वेळा उठते यावर निवाऱ्यातल्या बायका पैजा लावत, आणि जिंकणारी बहुतेक वेळा मोठा आकडा सांगणारीच असे. समाजकार्य शिकताना एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसवली होती, की लोकांना काय हवं हे आपण ठरवायचं नाही, त्यांनाच विचारायचं. पंचाईत एवढीच, की विचारलं की लोक सांगतात.

त्या दिवशी तिनं विचारलं. समोर सतरंजीवर घर सोडून आलेल्या, घरातून काढलेल्या, मार चुकवून पळालेल्या बायका बसल्या होत्या. ताईच्या मनात संगणकाचे वर्ग होते आणि त्यासाठी एक देणगीदार तिनं गोड बोलून जवळजवळ खिशात घातला होता. "तुम्हाला इथे सगळ्यात आधी काय हवं?" असं म्हणून ती फळ्यावर 'संगणक' लिहायला उठलीही.

"न्हाणीघराला आतून कडी," मागून पाहुणी म्हणाली.

आल्या दिवशी ही बाई म्हणाली होती, "मी दोन दिवसांची पाहुणी आहे, माझ्यासाठी अंथरूण नका काढू." त्याला आता बरेच महिने झाले होते. नाव मात्र पाहुणीच पडलं. फार बोलत नसे. आज बोलली तर सगळ्यांनाच वाचा फुटली.

"मी बादली दाराला लावते आणि वर पाय टेकवून अंघोळ करते," निवाऱ्यातली सगळ्यात म्हातारी, जिला सगळ्या आजी म्हणत, ती सांगू लागली. "या वयात एका पायावर. एक दिवस पडेन आणि मग धावत याल सगळ्या, मला तशीच बघायला."

बायका हसल्या. ताईनं खडू खाली ठेवला.

न्हाणीघराच्या चौकटीला जुन्या कडीची, लांबी भरून बुजवलेली भोकं होती. ताई इथे नोकरीला लागण्याआधी एका मुलीनं आत कोंडून घेऊन जिवाचं बरंवाईट करायला घेतलं होतं. साफसफाई करणाऱ्या मावशीनं खांद्यानं दार फोडलं. मुलगी वाचली, सगळ्या न्हाणीघरांच्या कड्या गेल्या. अजूनही कुणी आत जास्त वेळ राहिलं की मावशी झाडू हातात घेऊन दाराशी घुटमळे.

निवाऱ्याच्या प्रमुख मोठ्या बाई. त्यांनी ताईचं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "त्यांना जपणं हे तुमचं काम आहे."

"जपायचं म्हणजे पहारा द्यायचा का, बाई?"

"पहाऱ्यामुळे जिवंत राहणार असतील तर हो. तुम्ही भाषण करून घरी जाल. मला इथल्या प्रत्येकीचा हिशेब द्यायचा असतो."

चीड याचीच, की बाईंचंही खरं होतं. शेवटी तडजोड झाली. कडी लागेल, पण एकाच न्हाणीघराला. बाहेरून हाक मारली की आतल्या बाईनं ओ द्यायची. आणि कडी अशी हवी, जिला बाहेरच्या बाजूनं बारीक खाच असते. तीत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला की आतला खटका सरकतो. खाचेबद्दल बायकांना सांगायचं नाही. "कळलं तर बुजवतील," बाई म्हणाल्या. "आणि काही झालं तर कडीही जाईल आणि तुम्हीही."

ताईनं मान डोलावली. मिळतंय ते पदरात पाडून घ्यावं. आपण खोटं बोलत नाही, फक्त सांगत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, आणि ती घालताना काही काम नसताना जिना चढली-उतरली.

सुतार कडी लावून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी टॉवेलांची रांग लागली. पहिला नंबर पाहुणीचा, कारण मागणी तिची. आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन येऊन गेला होता आणि ती न जेवता झोपली होती, हे ताईला मावशीनं नेमकं आत्ताच सांगितलं. पाहुणी आत गेली. खटका पडल्याचा आवाज आला. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पाणी पडू लागलं. मग थांबलं.

ताईनं न्हाणीघरासमोरच्या बोळातून एक फेरी मारली, परत आली. "पाहुणी?"

"हं."

आणखी एक फेरी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "झालं का गं?"

"नाही."

ताईला स्वतःचाच राग येत होता. आत अंघोळ करणाऱ्या बाईला दर मिनिटाला हाका मारायच्या, तर कडी लावली कशाला? म्हणून ती मुद्दाम गप्प राहिली, आणि गप्प राहिल्यावर आतली शांतता तिला जास्तच ऐकू यायला लागली. मग न राहवून तिनं हाक मारली.

ओ आली नाही.

"पाहुणी? अगं, ओ दे."

काही नाही. रांगेतली कुजबुज थांबली. मावशी झाडू टाकून पुढे आली. "ताई, त्या वेळीही असंच झालं होतं. आधी हूं म्हणाली होती ती पोरगी. बाजूला व्हा."

"थांब, मावशी."

ताईचा हात खिशात गेला. सकाळपासून तिथे ठेवलेला स्क्रूड्रायव्हर तिनं काढला. तिनं बायकांकडे पाठ केली, खाचेत टोक घातलं आणि फिरवलं. खटका किंचित सरकला, लोखंडाचा बारीक आवाज झाला.

आणि तिला पाहुणीची पहिली मुलाखत आठवली. घरी काय काय व्हायचं असं विचारल्यावर ती इतकंच म्हणाली होती, "आमच्याकडे आतून कड्या नव्हत्या. त्यानं काढून टाकल्या होत्या." ताईनं ते ऐकलं होतं आणि मुलं किती, असा पुढचा प्रश्न विचारला होता.

तिनं स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला. ती ओल्या फरशीवर दाराला टेकून बसली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही कडी बाहेरून उघडते. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. चुकलं माझं. पाहुणी, मी उघडत नाही. पण मला फार भीती वाटतेय गं. बोलू नकोस हवं तर. नुसतं आहेस एवढं कळू दे. नाही कळलं तर मात्र मला उघडावंच लागेल, आणि सांगून उघडेन."

मावशीनं डोळे गच्च मिटले होते.

आतून तांब्या बादलीवर आपटला. एकदाच, हलकेच.

मावशी मटकन खाली बसली. ताईला हसू आलं की रडू, तिलाच कळलं नाही; ती नखानं फरशीची भेग खरवडत राहिली. नंतर आत पुन्हा पाणी वाजलं, निवांत, भरपूर वेळ, आणि या खेपेला कुणी हाक मारली नाही.

पाहुणी बाहेर आली तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं. ती ताईशेजारी उकिडवी बसली.

"खाच मला सुतार होता तेव्हाच दिसली," ती म्हणाली. "कड्यांच्या बाबतीत माझं शिक्षण बरंच झालंय, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही उघडता का, बघत होते." तिनं टॉवेलनं मान पुसली. "खटका हलला तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी राहिले. मग तो थांबला." तिनं केसांभोवती टॉवेल गुंडाळला. "घरी कधीच थांबला नव्हता."

ताईनं स्क्रूड्रायव्हर पुढे केला. पाहुणीनं घेतला नाही.

"असू दे की तो. उद्या आजी पडल्या तर लागेल. पण खिशात नको."

"मी पडले तर आधी टॉवेल फेका आत, मग या," आजी रांगेतून म्हणाली आणि तिनं भिंतीवरच्या खिळ्यावरचं कॅलेंडर काढून मावशीच्या हातात दिलं. स्क्रूड्रायव्हर त्या खिळ्याला टांगला गेला, दाराशेजारी, येता-जाता प्रत्येकीला दिसेल असा.

मोठ्या बाईंना हे सांगायचं होतं. त्या काय म्हणतील याची कल्पना ताईला होती.

आजी आत गेली. खटका पडला. ताई उठली, खिशात हात घातला, खिसा रिकामा लागला. हाक अगदी ओठांवर आली होती.

हाक गिळून ती बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.