दातांच्या डॉक्टरांनी उपटलेली हार्डडिस्क

मी एक जुनी हार्डडिस्क आहे. साबणाच्या वडीएवढी, एका शेपटीची. माझ्या पोटात लिनक्सचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका प्रणालीचा, अख्खा संसार आहे. मला जोडून संगणक सुरू केला, की तो आपलं डोकं बाजूला ठेवून माझ्या डोक्यानं चालतो. मित्रांनो, ऐकायला हे मोठेपणाचं वाटतं. पण मला दर वेळी जाग येते ती परक्या अंगात. काल आवाज होता, आज नाही. काल पडदा ऐसपैस, आज पाटीएवढा. मी नक्की कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या मालकीणबाई, म्हणजे ताई, भाषांतरं करतात. त्यांचा संगणक वारला, तेव्हापासून मिळेल त्या संगणकाला मला लावून काम करतात. "माझं घर पर्समध्येच असतं," असं कौतुकानं सांगतात आणि मला खोकल्याच्या गोळ्यांत टाकतात. कौतुक कुठे संपतं आणि हेळसांड कुठे सुरू होते, तेही मला कळत नाही.

एकदा मुलांच्या नाटकाचं भाषांतर संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यातल्या संगणकावर ताईंनी शेवटचा प्रवेश लिहीत आणला आणि त्या चहाला आत गेल्या. कुणी हात लावेना, म्हणून पडदा काळा झाला. डॉक्टर आले. त्यांनी मला बोटानं हलवून पाहिलं.

"सैल झालंय," असं म्हणून त्यांनी मला उपटलं.

"भावोजी, काय केलंत हे?"

"पडलंच असतं, ताई."

"दात काढण्याआधी सुन्न करता ना?"

"करतो की."

"मग हिला?"

"ओरडली नाही. मला वाटलं, झोपलीय."

मला पुन्हा जोडलं, तेव्हा मी त्याच अंगात जागी झाले आणि ते मला ओळखू येईना. चाचपून पाहिलं. नाटकातलं अस्वल दारापर्यंत आलेलं होतं. पुढचं सगळं गेलं होतं. ताई खुर्चीत मटकन बसल्या.

"सांगा, मी टाइप करतो," डॉक्टर म्हणाले. गाल सुन्न झालेला पेशंट ताटकळत बसला आणि डॉक्टरांनी एका बोटानं अस्वल घरात घेतलं. भाषांतर वेळेत पोचलं.

तेव्हा मित्रांनो, पडदा काळा दिसला म्हणून आम्हाला उपटू नका. संगणक रीतसर बंद करा, आमच्या पाठीवरचा बारका दिवा विझू द्या. एवढंच मला नक्की ठाऊक आहे.

डॉक्टर आता तसंच करतात. परवा मला अलगद काढून, अर्धा तास काही खाऊ नका, असंही त्यांनी सांगितलं.

मी खाल्लं नाही.