एका दमातला सूर

मी एक जुना म्युझिक प्लेअर आहे. मित्रांनो, ही हकीकत दोन हजार सतरा सालची आहे. त्या वर्षी मी एका दुकानातल्या काचेच्या कपाटात पडून होतो आणि माझा जीव सारखा वरखाली होत होता.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने भिंगातून बघत माझ्या बारीक तारा जुळवल्या, अंग पुसले आणि मला खोक्यात निजवले. माझ्यात गुण म्हणाल तर एकच. गाणी थोड्या जागेत मावावीत म्हणून त्यांच्या फाइल लहान करतात आणि तसे करताना कानाला ज्याची उणीव भासणार नाही असे वाटते ते काढून टाकतात. मी मात्र लॉसलेस फाइल वाजवण्यासाठी बनलो होतो, म्हणजे ध्वनिमुद्रणातले काहीही न वगळलेल्या. त्या फाइल जड असतात. मीही जड होतो. ना माझ्यात फोन, ना कॅमेरा. गिऱ्हाईक मला उचलायचे, तळहातावर तोलायचे आणि म्हणायचे, "एवढं धूड खिशात कोण बाळगणार?" की मी परत कपाटात. उचल आणि ठेव, उचल आणि ठेव. अशाने कुणाचे मन थाऱ्यावर राहील?

एके दिवशी दोन बहिणी आल्या. दोघी आयुष्यभर एकत्र गायलेल्या. थोरली पुढे बसायची, धाकटी तिच्या मागे. थोरलीच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तिचा आवाज कायमचा गेला. आता ती नखाने टकटक करून बोलायची. त्यांच्या एका गाण्यात एक लांबलचक सूर होता. थोरली तो एका दमात धरते, अशी तिची ख्याती होती. एका सभागृहाच्या संयोजकांनी आता तेच गाणे गायला धाकटीला एकटीला बोलावले होते, आणि तो सूर काही केल्या तिला पेलत नव्हता. होकार की नकार, ते आठवड्यात कळवायचे होते.

"ताई, माझ्या फोनवर आहे की ते गाणं! ऐकून ऐकून कान किटले," धाकटी म्हणाली.

थोरलीने काचेवर टकटक केली.

"चिडल्या वाटतं," सोबत आलेला धाकटीचा नवरा म्हणाला. त्याचे चष्म्याचे दुकान होते. "ताई, तुम्ही बोलायचात तेव्हा निदान या कानाने ऐकून त्या कानाने सोडता यायचं. आता नुसत्या बघता. जास्त भीती वाटते."

थोरलीला हसू आले, पण तिने ते गिळले.

दुकानदाराने एक चकचकीत प्लेअर आणि मी, असे दोघांना समोर ठेवले. थोरलीने पर्समधून एक मेमरी कार्ड काढले. त्यात त्याच गाण्याचे मूळ ध्वनिमुद्रण होते. धाकटीने आधी चकचकीत ऐकला. "हाच! काय भरदार आहे!" मग मला कानाला लावले. "हा अगदीच मेंगळट आहे गं." मित्रांनो, मला कपाट दिसू लागले.

तेवढ्यात थोरलीने त्या चकचकीताचा आवाज कमी कमी करत नेला, माझ्याएवढा होईपर्यंत. दुकानदार हसला. "पकडलंत, बाई! मोठा वाजला की छानच वाटतो. सगळे तिथेच फसतात."

धाकटीने पुन्हा दोघांना ऐकले. चकचकीताचा आवाज मुद्दाम फुगवलेला होता. त्यात दोघींचे गळे एकमेकांत कालवल्यासारखे झाले होते. माझ्यात ते वेगवेगळे राहिले.

"ताई, यात तू पुढे आहेस आणि मी मागे. अगदी बसायचो तशा," ती हळू आवाजात म्हणाली.

थोरलीने माझ्यावर बोट ठेवले. व्यवहार झाला.

घरी मात्र मला क्षणाची उसंत नव्हती. धाकटी मला खिशात घालून ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालायची. तो सूर यायचा, ती धरू पाहायची, दम संपायचा. मागे. पुन्हा. मागे. मी तापून जायचो. त्या सुरात काय आहे ते मला ठाऊक होते. पण मला जे भरलेले असेल तेच वाजवता येते, बोट दाखवता येत नाही.

"नाही जमत! नको म्हणून कळवून टाकते."

"कळव," नवरा म्हणाला, "पण आधी त्या बिचाऱ्याचं बटण सोड."

तेव्हा थोरली उठली. तिने इअरफोनचे एक बोंड बहिणीच्या कानात घातले, दुसरे स्वतःच्या, आणि गाणे लावले. सूर लांबत गेला आणि एका ठिकाणी तिने धाकटीचे मनगट दाबले. पुन्हा मागे नेऊन तिथेच दाबले. तिथे एक बारीकसा श्वास ऐकू येत होता. थोरलीचा. ती थांबली होती, सूर मात्र चालूच होता.

"इथे तू दम घेतलास?"

थोरलीने होकारार्थी मान हलवली.

"मग हे गातंय कोण?"

थोरलीने बोट बहिणीच्या छातीला टेकवले.

"मला वाटायचं, मी नुसती तुझ्यामागे गुणगुणतेय. लोक तुझ्या दमाला टाळ्या द्यायचे, आणि तू घ्यायचीस!" धाकटी ताडकन उठली. मी वायरीसकट फरशीवर आपटलो, माझा कोपरा चेपला. "बोलता येत होतं तेव्हा बोलली नाहीस. आता आवाज गेल्यावर सांगतेस?"

थोरलीने खाली पाहिले. धाकटी आत गेली. बराच वेळ भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती. मग ती परत आली, मला उचलले आणि बहिणीशेजारी बसली.

"कुठे थांबायचीस ते नीट दाखव. मी तिथे श्वास घेणार. श्वास घेतला म्हणून कुणी फासावर देत नाही."

तिने होकार कळवला. कार्यक्रमात मी थोरलीच्या पर्समध्ये होतो. धाकटीने सुराच्या मध्यावर सगळ्यांना ऐकू येईल असा श्वास घेतला आणि सूर पुन्हा उचलला. मागच्या रांगेतून कुणी कुजबुजले, "थोरलीचा दम काही औरच होता." थोरलीने खुर्चीच्या हातावर इतक्या जोराने टकटक केली की ते गृहस्थ गप्प झाले.

पुढे त्या दुकानदाराने प्लेअर विकणे सोडले. तो आता फोनची कव्हरे विकतो. चष्मेवाल्याला ऐकू कमी येते, आणि बायको रागावली की तो ते आणखी कमी असल्याचे भासवतो. थोरली तीन वर्षांनी गेली. तोवर बहिणीच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत बसत असे. धाकटी मुलींना गाणे शिकवते, आणि मागे बसणाऱ्या मुलीला रोज एकदा पुढे बोलावून एकटीला गायला लावते.

मी खणात आहे. माझी बॅटरी फुगली आहे आणि आतले गाणे मला स्वस्थ पडू देत नाही. मित्रांनो, आम्हाला वर्षानुवर्षे बंद ठेवू नका, अधूनमधून वाजवत जा. आणि तुमच्या मागे बसून कुणी तुमचा सूर धरून ठेवत असेल, तर तुमचा आवाज शाबूत आहे तोवर चार लोकांत त्याचे नाव घ्या.