रिकाम्या टाकीची भीती

मी तेलाचं जहाज बोलतोय. अंगानं एवढा अवाढव्य आणि भित्रा! हसा खुशाल. पण माझ्या एका टाकीचं झाकण आत्ताच उघडलंय, आणि मला खरंच भीती वाटतेय.

गोदीत पत्र्याला पत्रा जोडून मला बांधलं, तेव्हा सगळे म्हणाले, "भरलेला असताना जपा रे याला!" माणसं तेवढंच जपतात. तेल उतरलं की हुश्श करतात, शिट्ट्या मारतात. माझा जीव तेव्हाच टांगणीला लागतो. तेल जातं, पण त्याचा वायू तळाशी दबा धरून बसतो. डोळ्यांना दिसत नाही.

पूर्वी मी भरून जायचो, रिकामा परतायचो. परतताना सावकाश चालायचं, टाक्यांत वारा खेळू द्यायचा. मग कचेरीतल्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. रिकामं परतणं म्हणजे फुकट इंधन जाळणं! वाटेतल्या बंदरातून दुसरं तेल उचलायचं ठरलं. हिशेब चुकीचा नव्हता. टाक्या धुऊन वाळवायची सवड मात्र त्यात कुणी धरली नव्हती. आणि ऊर फुटेस्तोवर धावत तिथं पोचावं, तर बंदरात जागाच नसायची. बसा नांगर टाकून!

खलाशांचा म्होरक्या सारंग. माझे पंप सांभाळायचा त्याचा जावई. सासऱ्यानंच त्याला चिकटवलं होतं. मागच्या फेरीत कचेरीचा फोन सारखा वाजत होता. जावयानं वायू मोजायचं यंत्र टाकीच्या तोंडाशीच धरलं. वरची हवा चांगली होती. यंत्र दोरीनं तळापर्यंत सोडायचं असतं, तेवढं त्यानं घाईत टाळलं.

"तळाशी तेल उरलंय का, आलोच बघून, मामा," म्हणत तो शिडी उतरला.

मला ओरडता आलं असतं तर! त्याचे गुडघे माझ्या पत्र्यावर आपटले आणि मग काहीच हललं नाही.

सारंगनं वाकून पाहिलं आणि तसाच शिडीवर पाय टाकला. आचाऱ्यानं त्याला मागून कवळ घातली.

"सोड मला! लेकीला काय तोंड दाखवू?"

"तुम्हीही पडलात तर तिला कोण उरलं? आधी हवेचं नळकांडं चढवा पाठीवर!"

सारंगनं पट्टे आवळले, खाली उतरला आणि जावयाला दोरीनं बांधून वर काढलं.

जावई वाचला. आता घरी असतो. बायकोला हाक मारायची तर तिचं नाव आठवायला थांबतो. कचेरीनं त्या दिवशी एवढंच विचारलं, "म्हणजे उशीर होणार का?"

आज पुन्हा तीच घाई आहे. सारंगनं स्वतः दोरी सोडली. वर यंत्र गप्प होतं, तळाशी टेकताच किंचाळलं. आता पंख्यांनी वारा आत सोडलाय. फोन वाजतोय. कप्तान एकदा फोनकडे बघतो, एकदा सारंगकडे. सारंग शिडीच्या तोंडाशी मांडी ठोकून बसलाय, कुणालाच उतरू देत नाही.

तुमच्या गाडीचं तेल थोडं उशिरा येईल. पण पाया पडतो, त्याला तिथून उठवू नका.