गाळसे या शब्दाचा अर्थ

नगराध्यक्षांच्या कार्यालयात ती दुभाषी होती. बरीच वर्षं तिने ते काम केलं आणि त्या सगळ्या काळात साहेबांचं एकही वाक्य तिने परदेशी पाहुण्यांपर्यंत जसंच्या तसं पोचू दिलं नव्हतं. साहेब तोंडाचे फटकळ. समोर पाहुणा बोलत असताना हसऱ्या चेहऱ्याने म्हणायचे, "हा म्हातारा अजून किती वेळ डोकं खाणार?" आणि ती पाहुण्याला सांगायची, आपण इतकं सविस्तर बोलता याचं साहेबांना कौतुक वाटतं. पाहुणा खूश, साहेबही खूश. "बाईंच्या तोंडून मी फार सभ्य वाटतो," असं ते चारचौघांत सांगत, आणि ते खरंच होतं.

ती जुन्या धक्क्यामागच्या वस्तीत वाढली हे कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं. लपवलं होतं असं नाही, कुणी विचारलंच नव्हतं. ती वडिलांवर गेली होती, गव्हाळ आणि सरळ केसांची. तिचा थोरला भाऊ मात्र आईचा चेहरा घेऊन आला होता. त्याच्याकडे बघून कुणाला काही विचारावं लागत नसे.

आईकडची माणसं गाळसे. बंदर एकेकाळी गाळाने इतकं भरलं होतं की जहाज आत येईना. तेव्हा समुद्रापलीकडून माणसं आणली, काळीभोर, कुरळ्या केसांची. त्यांनी डोक्यावर टोपल्या घेऊन गाळ उपसला. काम संपलं तरी ती परत गेली नाहीत, त्यांना कुणी परत नेलंच नाही. पुढे यंत्रं आली. आता त्या घरांतल्या कुणी कित्येक पिढ्या गाळाला हात लावलेला नव्हता. कुणी ड्रायव्हर होता, कुणी नर्स, कुणी शाळेत गणित शिकवत होतं. तरी सगळे गाळसेच. पाठ्यपुस्तकात हा शब्द होता, टोपलीवाल्या माणसाच्या चित्राखाली.

भाऊ लाँड्री चालवायचा. इस्पितळाच्या चादरी त्याच्याकडे येत. खाली वाफेच्या मोठ्या इस्त्र्या, वर गच्चीत दोऱ्यांच्या रांगा. पांढऱ्या रंगाबद्दल तो इतका चिकित्सक होता की वहिनी चेष्टेने म्हणायची, "लग्नाआधी मलाही उजेडात धरून बघितलं होतं यांनी."

त्या वर्षी निवडणूक होती. शेवटच्या सभेत साहेब म्हणाले, "बंदरातला गाळ गाळशांनी काढला. गावातला गाळ कोण काढणार?" एवढं बोलून ते थांबले आणि नुसते हसले. "आम्ही, आम्ही," हे उत्तर गर्दीने दिलं. साहेबांनी तोंडातून एक अक्षरही वावगं काढलं नाही.

त्याच आठवड्यात भर दुपारी टेम्पोतून काही तरुण लाँड्रीत आले. त्यांनी धक्क्यावरचा गाळ पिंपांत भरून आणला होता. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर, इस्त्र्यांवर, भिंतींवर तो ओतला. भाऊ मध्ये पडला तेव्हा दोघांनी त्याची मान धरून डोकं पिंपात दाबलं. "गाळशाला गाळ," एक जण म्हणत होता, अगदी मजेत. कानात गेलेल्या त्या घाणीने आत पू झाला आणि डावा कान कायमचा गेला. वहिनी दिवसचे दिवस चादरी धूत बसली, पण करडेपणा काही जाईना. इस्पितळाने काम दुसऱ्याला दिलं. भावाने शटर ओढलं आणि खिडकीशी बसून राहिला.

पोलीस चौकीत जमादाराने मारहाणीची तक्रार लिहून घेतली. गाळसे या शब्दाबद्दल मात्र तो म्हणाला की त्यात काय लिहिणार, तो तर माझ्या पोराच्या पुस्तकात आहे. टीव्हीवर एका बाईने साहेबांना त्या शब्दाबद्दलच विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, "मी इतिहासातला शब्द वापरला. त्यात रंग कुठून आला? रंग तुमच्या डोळ्यांत आहे."

ही मुलाखत तिने कार्यालयातच पाहिली. बाजूच्या टेबलावरचे लोक माना डोलावत होते. कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे, उगाच प्रत्येक गोष्टीत रंग काढतात. तिला रडू आलं नाही. तिला पडद्यावरच्या त्या माणसाचं तोंड हवं होतं. त्याने जे केलं ते तोंडाने केलं होतं, आणि इतकी वर्षं ते तोंड स्वच्छ ठेवायचं काम तिचं होतं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी ती फाईल घेऊन आत गेली. साहेबांनी हसून विचारलं, "काय बाई, चेहरा उतरलाय?" ती म्हणाली, "झोप नाही झाली."

ते निवडून आले. मग कार्यालयातून सूचना निघाली की परदेशी पाहुण्यांसमोर हा शब्द आलाच तर "गाळ काढणारे कामगार" असं भाषांतर करावं. स्वीय सहायकाने ती तिला मुद्दाम वाचून दाखवली. ती हो म्हणाली.

साहेबांचं मन आता वेगळ्याच गोष्टीवर होतं. बंदर असलेल्या शहरांचा एक मोठा संघ होता, देशोदेशींचा. त्याचं अध्यक्षपद त्यांना हवं होतं. निवड होण्याआधी संघाचे लोक शहर बघायला येणार होते, आणि त्यातले निम्मे समुद्रापलीकडच्या बंदरांचे होते. साहेबांनी नवा सूट शिवायला टाकला होता.

पाहुण्यांचा कार्यक्रम आखायचं काम तिच्याकडे आलं. तिने त्यात जुना धक्का घातला. तिथे टोपलीवाल्या माणसाचा दगडी पुतळा होता. सहायकाला कल्पना आवडली, परिसर नुकताच रंगवून घेतला होता. साहेब त्या पुतळ्यासमोर गप्प राहू शकत नाहीत, हे तिने अनेकदा पाहिलं होतं. शाळेची सहल असो की बँकेचे अधिकारी, तिथे त्यांचा एक ठरलेला विनोद होता. पण आपली माणसं समोर असल्याशिवाय ते तो विनोद करत नसत. म्हणून तिने सगळ्या नगरसेवकांनाही निमंत्रणं पाठवली आणि स्वतः फोन करून आठवण दिली. घरी ती यातलं काही बोलली नाही. भावाकडे जायची, त्याच्या उजव्या बाजूला बसायची, आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवायची.

पाहुणे आले. संघाच्या मावळत्या अध्यक्षा उंच, काळ्याभोर, पांढऱ्या बारीक केसांच्या होत्या. पूर्वी वकिली करायच्या. हातात काठी होती, पण टेकण्यापेक्षा काही दाखवण्यासाठीच ती जास्त वापरायच्या. साहेबांनी त्यांना दिवसभर हसवलं, म्हणजे तिने हसवलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

पुतळ्यासमोर साहेबांनी लिहिलेलं भाषण व्यवस्थित वाचलं. नगरसेवकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्या की साहेब कागद खिशात घालत. त्यांनी तो घातला. ती एक पाऊल पाहुण्यांच्या जवळ सरकली.

"तर हे आमचे गाळसे," साहेब पुतळ्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "गाळ काढायला आणले. गाळ गेला, हे राहिले."

नगरसेवक खळाळून हसले. पाहुणेही हसायची तयारी करून तिच्याकडे वळले.

तिने घाई केली नाही. प्रत्येक शब्द सुटा करून ती त्यांच्या भाषेत म्हणाली की साहेब म्हणतात, हे आमचे गाळसे. गाळसे म्हणजे गाळातली माणसं. समुद्रापलीकडून आणलेल्या काळ्या मजुरांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना इथे हे नाव आहे. गाळ काढायला आणले. गाळ गेला, हे राहिले.

पाहुण्यांचे चेहरे तसेच राहिले, फक्त त्यातलं हसू निघून गेलं. अध्यक्षाबाईंनी विचारलं की तुमची माणसं कशाला हसली? तिने तो प्रश्न मराठीत आणला, एक कणही न सांडता.

साहेब थोडे गडबडले. "सांगा त्यांना, ऐतिहासिक शब्द आहे. धंद्यावरून पडलेला. माळी म्हणतो, शिंपी म्हणतो, तसा."

तिने तेही तसंच्या तसं सांगितलं. अध्यक्षाबाईंनी काठी पुतळ्याच्या टोपलीकडे केली. मग त्यांनी विचारलं की गाळ फक्त आमच्याच लोकांनी काढला का.

इथे साहेबांना जोर आला. "छे, छे. आमचे लोकही होते. माझे पणजोबा स्वतः त्यांच्या बरोबरीने टोपली उचलायचे."

"मग त्यांना काय म्हणत?"

"बंदरवीर," साहेब अभिमानाने म्हणाले. आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

तिने तो शब्दही पलीकडे पोचवला, अर्थासकट. एकच टोपली, एकच गाळ, आणि उचलणाऱ्यांची दोन नावं. एक नगरसेवक अजून हसत होता, त्याला शेजाऱ्याने कोपर मारलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"बाई, तुम्ही नेमकं काय सांगितलंत त्यांना?"

"तुम्ही म्हणालात तेच, साहेब. आज धुतलं नाही."

संघाच्या लोकांनी जाताना हात मिळवले, आभार मानले. अध्यक्षपद दुसऱ्याच बंदराच्या माणसाला गेलं. पुतळ्याच्या पाठीवर हात ठेवलेला साहेबांचा फोटो, खाली ती दोन नावं, असं सगळीकडे छापून आलं. तिकडे पक्षातल्या ज्यांना साहेबांची खुर्ची हवी होती, त्यांना एकदम इतिहासाची चाड निर्माण झाली.

साहेबांनी तिला आत बोलावलं. टेबलावर एक मजकूर टाईप करून ठेवला होता. भाषांतरात चूक झाली, एवढीच त्यातली गोष्ट होती. सही केली तर नोकरी राहील, बढतीही मिळेल, असं ते आडून बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगतो, माझ्या मनात तसं काही नव्हतं हो. लहानपणापासून तोच शब्द ऐकलाय."

तिला वाटलं, हे कदाचित खरंही असेल. पण त्याने तिच्यात काहीच हललं नाही. गाळ आणणाऱ्यांच्या मनात काय होतं हे कानाला कळलं नव्हतं, कान तरीही गेला होता.

"ज्याच्या लाँड्रीत गाळ ओतला, तो माझा सख्खा भाऊ," ती म्हणाली. "मी धक्क्यामागचीच. गाळशीण."

साहेब तिच्या चेहऱ्यावरून, केसांवरून नजर फिरवत राहिले. "पण तुम्ही तशा दिसत नाही," ते म्हणाले.

"मग शब्द धंद्यावरून कसा, साहेब?"

तिने उत्तराची वाट पाहिली. ते येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी ती उभी राहिली. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उमटले, हात टेबलावरचं पेन उगाच इकडून तिकडे सरकवू लागला. ते सगळं तिने चवीने, सावकाश पाहून घेतलं. मग सही न करता बाहेर आली.

नोकरी गेली. दुभाषीने बोलणाऱ्याच्या शब्दांत भर घातली, असा ठपका होता. चौकशीत तिने एवढंच विचारलं की मी सूचनेप्रमाणे "कामगार" म्हटलं असतं तर साहेबांचे पणजोबा त्यात आले असते, ते साहेबांना चाललं असतं का. तो प्रश्न कुणी लिहून घेतला नाही. महिन्याभरात साहेबांनाही पक्षाने पायउतार व्हायला लावलं. ती आता घरी बसून औषधांच्या डब्यांतली पत्रकं भाषांतरित करते.

भावाने ती गोष्ट तिच्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतली. चौकशी, बातम्या, त्यात त्याला रस नव्हता. "बंदरवीर म्हणाला, आणि मग? तोंड कसं झालं त्याचं?" ती तोंड करून दाखवायची. वहिनी म्हणायची, बास झालं आता. तो म्हणायचा, "अजून एकदा, चिमे." टेम्पोतल्या पोरांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. लाँड्रीचं शटर त्याने वर केलं, पण इस्पितळाचं काम परत आलं नाही. आता हॉटेलांचे टेबलक्लॉथ येतात.

वस्तीत सगळेच खूश होते असंही नाही. संघाच्या मदतीने इथे नवी गोदी व्हायची होती, ती त्या दुसऱ्या बंदराकडे गेली. शेजारच्या मावशींच्या मुलाला तिथे काम मिळणार होतं. मावशींनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकदा जिन्यात त्या म्हणाल्या, "तुझा सूड झाला, आमचं काय?" तिने बाजूला सरून त्यांना वाट दिली आणि वर गेली. पुन्हा तोच दिवस आला असता तर तिने पुन्हा तेच केलं असतं.

पाठ्यपुस्तकातून शब्द काढला. चित्राखाली आता "धक्क्यामागची मंडळी" असं छापतात.

परवा नर्सेसच्या सत्काराला ती आणि भाऊ गेले होते. वहिनीच्या बहिणीला सन्मानपत्र मिळायचं होतं. नवे नगराध्यक्ष तरुण, गोड गळ्याचे. त्यांनी सेवाभावाबद्दल चार शब्द सांगितले. मग म्हणाले, "आणि आज तर धक्क्यामागची मंडळीसुद्धा आलीत," आणि किंचित थांबून हसले. पुढच्या रांगाही हसल्या. पुतळ्यासमोर नगरसेवक हसले होते, तसंच.

भावाने विचारलं काय म्हणाला. तिने त्याला सांगितलं. मग दुसऱ्या बाजूला बसलेल्या अनोळखी बाईंकडे वाकून तिने अगदी सहज विचारलं, "यांना पुढे काय व्हायचंय?"

"मंत्रिपदावर डोळा आहे म्हणे," त्या बाई म्हणाल्या.

"असं का," ती म्हणाली, आणि भाषण लक्ष देऊन ऐकू लागली.