हजेरी क्रमांक सतरा

मित्रांनो, मला पाहून पुष्कळजण विचारतात, "हा टोस्टर आहे का?" नाही हो! मी एक हॅम रेडिओ आहे, वय वर्षे बत्तीस. माझ्यावर दूरच्या माणसांशी बोलता येते. मला ना मोबाइलचा टॉवर लागतो, ना टेलिफोनची वायर. गच्चीवर ताणलेली एक लांब तार आणि बॅटरी मिळाली की माझे काम सुरू!

मला एका दंतवैद्यांनी घडवले. दवाखान्यामागच्या खोलीत, दातांसाठीच्या बारीक चिमट्यांनी त्यांनी माझे सुटे भाग जोडले. मी पहिल्यांदा खरखरलो, तेव्हा खुर्चीतला रोगी आ वासलेल्या तोंडानेच दचकला. डॉक्टरांनी परीक्षा देऊन परवानाही मिळवला. मग रोज सकाळी डोंगरापलीकडच्या, असाच रेडिओ असलेल्या एका गिरणीवाल्याशी त्यांच्या गप्पा रंगू लागल्या. दोघे कधी भेटले नव्हते, पण नुसत्या खोकल्यावरून एकमेकांची तब्येत ओळखत.

डॉक्टरांची बायको म्हणे, "माझ्याशी बोलताना नुसतं 'हं'. या डब्याशी मात्र तासभर!"

पुढे घरोघरी मोबाइल आले. डॉक्टरांना ऐकूही कमी येऊ लागले. गप्पा थांबल्या आणि माझ्या डोक्यावर धुतलेल्या चादरींची चळत चढली. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? तरी डॉक्टर महिन्यातून एकदा माझी बॅटरी चार्ज करत. तेवढी माया शिल्लक होती.

एकदा शेजारच्या शाळेतली मुले सहलीला डोंगरापलीकडे गेली. दुपारी अचानक वादळ झाले. वीज गेली, टॉवर कोसळला, सगळे फोन मुके झाले. बस काही परतली नाही. मुख्याध्यापिका धापा टाकत आल्या. त्यांच्यामागे पालक होते, अग्निशमन दलाचे जवान होते.

"डॉक्टर, तुमचा तो रेडिओ चालतो का हो अजून?"

डॉक्टरांनी चादरी भिरकावल्या आणि हाका मारायला सुरुवात केली. पण उत्तराला नुसती खरखर. "मला काहीच कळत नाही गं," ते रडवेले झाले.

त्यांच्या बायकोने खुर्ची ओढली. "तुम्ही बोला. ऐकायचं माझ्याकडे. लग्न झाल्यापासून तेच तर करतेय!"

डोळे मिटून तिने माझ्या स्पीकरच्या जाळीला कान लावला. "थांबा... गिरणीवाले आहेत! मुलं त्यांच्या गिरणीत आहेत. पिठानं पांढरी झालीत, पण सुखरूप आहेत." क्षणभराने तिचा चेहरा बदलला. "एका मुलीला दमा आहे. तिचा पंप संपलाय. औषध लवकर पाठवा म्हणतात. आणि पुलावरून येऊ नका, पूल वाहून गेलाय. खाणीच्या रस्त्यानं या."

जवान पुलाकडेच निघाले होते! औषध घेऊन त्यांनी जीप खाणीकडे वळवली.

तिकडे शिक्षिकेने हजेरी सुरू केली. एकेक मूल पुढे येऊन ओरडू लागले, "एक, हजर!" "दोन, हजर!" इकडे प्रत्येक आकड्याला कोणीतरी रडत-हसत टाळ्या वाजवी. एका बाबांनी बायकोला हळूच विचारले, "अगं, आपला कितवा?" तिने असे काही पाहिले की ते बाबा आता मुलाचा क्रमांक जन्मात विसरणार नाहीत!

सतराला मात्र शिक्षिकाच बोलल्या. "ती इथेच आहे, पण तिला बोलवत नाही." त्या मुलीची आई माझ्यासमोर खाली बसली. डॉक्टरांच्या बायकोने तिचा हात धरला. तासभर तो सोडला नाही.

आणि मग माझ्या जाळीतून बारीक, पण स्पष्ट आवाज आला, "सतरा... हजर!"

मित्रांनो, त्या खोलीत असा जल्लोष झाला की माझे स्क्रू सैल झाले!

पुढच्या रविवारी गिरणीवाले घरी आले. अठरा वर्षे रोज गप्पा मारलेले दोस्त पहिल्यांदाच समोरासमोर बसले आणि दोघांनाही काय बोलावे सुचेना! शेवटी डॉक्टरांची बायको म्हणाली, "एकानं दुसऱ्या खोलीत जा बघू!" ती आता स्वतःच परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला अडगळ म्हणण्याआधी ते काय करू शकते, ते एकदा विचारा. त्याची धूळ पुसा, बॅटरी भरलेली ठेवा. आणि जमल्यास आमची विद्या शिकून घ्या. कधीतरी दूरवर कोणीतरी हाक मारील. तेव्हा ऐकणारा कान तुमचा असू दे!