बाबांची लांब पट्टी

भट्टीतून निघालेल्या बारा प्लेटांपैकी एकीतही कॉइल बसेना. नलिनीने दाबून पाहिली, तिरकी घालून पाहिली, खाच अरुंदच. शिवदासकाका कमरेवर हात ठेवून बघत होते.

"वाट लागली. अख्खी भट्टी फुकट!"

विजेच्या शेगडीच्या चिनीमातीच्या प्लेटा ते घाटकोपरच्या या शेडमध्ये अकरा वर्षं करत होते. नलिनीचे वडील रामचंद्र मुलुंडला घरी त्यांत कॉइल बसवून शेगड्या विकत. पण तापली की कॉइल खाचेतून वर यायची नि भांड्याला टेकायची. दोन बायकांना झटका बसला, तेव्हापासून बाबांना चैन नव्हतं. त्यांनी आत वळलेल्या काठाची खोल खाच योजली, चिठोऱ्यावर मापं लिहिली, आणि पौषात ते गेले. साच्यासाठी पूर्ण मापाच्या आराखड्याचा कागद काढायचा राहिला होता. तो नलिनीने काढला.

"कागद कशाने काढलास?"

"स्टीलच्या पट्टीने. नवी आणली."

"बापाची कुठाय?"

"ती चुकीची आहे, काका. बारा इंच म्हणते नि सव्वातेरा भरते."

"अगं बये, माती भट्टीत आटते! आटणार तेवढं त्यानं पट्टीतच वाढवून ठेवलेलं. मी आपला कागद साच्यावर ठेवतो नि कोरतो. हे तुला त्यानं सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही."

काकांचा आवाज उतरला. "शनिवारी पुन्हा लावतो. पण शेवटची हां, नलू. चिनीमातीच्या फ्यूजचं काम अडलंय माझं."

बाबांची लाकडी पट्टी घरी टेबलाच्या खणात होती. लहानपणी तिने ती एकदा गुपचूप शाळेत नेली होती आणि बाईंनी सगळ्या रेघा चूक दिल्या होत्या. घरी येऊन ती रडली, तर बाबा डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग बराच वेळ काहीतरी समजावत होते. ती फुरंगटून भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्यातला एक शब्दही आता आठवेना.

बाबांच्या अंगठ्याने जिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथेच अंगठा ठेवून तिने कागद काढला.

नव्या प्लेटेत कॉइल अलगद बसली. तासभर लालबुंद राहिली, पण जागची हलली नाही. काकांनी वर पातेलं ठेवलं, टेस्टर लावला, आणि म्हणाले, "झकास! पुढचा कागद कधी देतेस?"

"देते," ती म्हणाली.

घरी तिने प्लेट बाबांच्या टेबलावर ठेवली. स्टीलच्या पट्टीने मोजली: बरोबर सात इंच. बाबांच्या पट्टीवर ती सव्वासहाच्या जेमतेम पुढे गेली. सांगायला घरात कोणी नव्हतं. तिने दौत उघडली आणि लाकडी पट्टीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं: 'फक्त मातीसाठी.' तिच्यामागे ही पट्टी कोण उचलणार, तिला ठाऊक नव्हतं. तरी शाई वाळेपर्यंत ती पट्टी हातात धरून बसून राहिली.