मुकादम घरी येतो तेव्हा

जिना चढताना मुकादमाला दोनदा थांबावं लागलं. पहिल्यांदा धाप लागली म्हणून. दुसऱ्यांदा, गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई त्याला पाहताच ओले कपडे बादलीतच टाकून घरात शिरली आणि तिने आतून कडी घातली म्हणून. कडीचा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. कोणाच्याही जिन्यात गेलं तरी तो त्याच्या आधी पोचलेला असे.

पण आज तो कामासाठी आला नव्हता. बहिणीकडे आला होता.

ताईने दार उघडलं. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, जिन्यात.

"एकटाच आहेस?"

"एकटाच."

"सगळीकडे असंच सांगत असशील."

ती दारातून हलली नाही. आतून भाऊजींचा आवाज आला, "येऊ दे गं त्याला. दारात उभा राहिला तर शेजाऱ्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

भाऊजी जेवत होते. वेल्डिंगचा धंदा, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे जुने डाग. ते ताटावरून उठले नाहीत. "बसा, मुकादम," म्हणाले. मेहुण्याला अहोजाहो करायची त्यांची ही पद्धत टोमणा मारायचा असला की बाहेर यायची.

मुकादम बसला. घसा कोरडा पडला होता. ताईने सवयीने पाण्याचा पेला पुढे केला आणि त्याने तो एका दमात रिकामा केला. पेला खाली ठेवताना त्याला ताईचा चेहरा दिसला. आपण हातात काय दिलं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं होतं.

ही पाण्याची गोष्ट फार जुनी होती. तेव्हा तो मालधक्क्यावर पोती वाहायचा. हमालांच्या टोळीवरचा त्या वेळचा मुकादम म्हातारा होता. त्यानेच याला कामाला लावलं, भूक लागली तर स्वतःच्या डब्यातलं दिलं. पुढे धक्क्यावरच्या तरण्या गड्यांनी म्हाताऱ्याला वाटेतून दूर करायचं ठरवलं, आणि त्या ठरवण्यात हाही होता. आदल्या संध्याकाळी मात्र याला राहवलं नाही. सावध करायला म्हणून तो म्हाताऱ्याच्या घरी गेला. म्हाताऱ्याने पाणी दिलं. हा ते प्याला, गुडघे कसे आहेत विचारलं, आणि जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. दुसऱ्या दिवशी म्हातारा मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडला.

लोक म्हणाले, काय काळजाचा माणूस आहे, आदल्या दिवशी घरी जाऊन पाणी पिऊन आला! याने ते खोडलं नाही. आयती मिळालेली भीती कोण फेकून देतो? धक्का त्याच्या हाताखाली आला. मग ट्रक आले, मग गोदामं. पाण्याची त्याने रीत बांधली. तो ज्याच्या घरी पाणी पिणार, त्याचं उरकलं. "खाली थांब" सांगून तो आत गेला की खालची गाडी निघून जायची, कारण तो पाण्याशिवाय परतत नसे. ड्रायव्हर काट्याला कळवायचा. काट्या म्हणजे त्याचा उजवा हात, पूर्वी वजनकाट्यावर कामाला होता. काट्या माणसं निवडायचा, आणि काम फत्ते होईपर्यंत सगळ्यांचे फोन बंद. तोंडाने कोणी ब्र काढत नसे, त्यामुळे कोर्टात सांगण्यासारखंही कोणाकडे काही उरत नसे. कोणी विचारलंच तर मुकादम म्हणायचा, "सहज भेटायला गेलो होतो."

आजही त्याने ड्रायव्हरला तेच सांगितलं होतं. बहिणीकडे जातोय, सहज. खाली थांब.

"ताई, एक सांगायला आलोय," तो म्हणाला. "भाऊजींच्या वर्कशॉपला कोणी हात लावणार नाही. गोदाम दुसरीकडे बांधेन."

गोदामासाठी वर्कशॉपच्या रांगेतल्या सगळ्यांनी गाळे सोडले होते, एकटे भाऊजी सोडून. काट्या उठताबसता विचारायचा, "दादा, वेल्डरचं काय करायचं?" आणि मुकादम विषय बदलायचा. धक्क्यावर कुजबुज सुरू झाली होती की जगाला एक न्याय आणि घरच्यांना दुसरा. कंटाळून त्याने आज निकाल लावला होता. थकला होता तो. ज्या घरात आपण गेल्यावर कोणी आतून कडी घालणार नाही असं एक तरी घर असावं, एवढंच आता वाटत होतं.

ताई खिडकीशी गेली होती. "खाली तुझी गाडी होती?"

"आहे."

"नाहीये."

तो उठून खिडकीशी आला. गाडी उभी होती तिथे ऑइलचा डाग होता आणि डागाशेजारी एक कुत्रं आरामात झोपलं होतं.

त्याने काट्याला फोन लावला. बंद. ड्रायव्हरला लावला. बंद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

त्याने दोघांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतंच. अख्ख्या गावाला माहीत असलेली गोष्ट तो पहिल्यांदा तोंडाने बोलत होता, इतकंच.

"मग सांग ना त्यांना नको म्हणून," ताईचा आवाज चिरकला.

"फोन बंद आहेत त्यांचे."

"कोणी सांगितलं बंद ठेवायला?"

"मी."

भाऊजी हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "शाबास! मालकालाच फोन लागत नाही, याला म्हणतात कडक शिस्त."

"भाऊजी, तुम्ही बाहेर पडू नका. मी बसतो इथे. मी असताना कोणी येणार नाही."

"आणि किती दिवस बसणार? घरजावई म्हणून ठेवून घेऊ का तुला?" भाऊजींनी हात धुतले. "एकाचं फाटक आज द्यायचंय. शब्द दिलाय मी."

"फाटक गेलं खड्ड्यात," ताई म्हणाली.

"आजवर याच्या भीतीने दुकान बंद केलं नाही. आता याच्या मायेने करू?"

ताईने भावाकडे पाहिलं. "लहानपणी भांडण करून यायचास आणि माझ्या पाठीमागे लपायचास. तेव्हा निस्तरलं मी. आता तू निस्तर."

तिने वाकून भाऊजींची चप्पल सरळ करून ठेवली आणि आत गेली.

दोघं रस्त्याने निघाले. मुकादम मुद्दाम रहदारीच्या बाजूने चालला. किराणावाला त्यांना पाहून पोत्यामागे वाकला. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. भाऊजी मात्र ओळखीच्या प्रत्येकाला हात करत होते. परत कोणी करत नव्हतं.

"तुझ्याबरोबर चाललं की माणसाला किती मान मिळतो रे," ते म्हणाले.

गाळ्यांच्या रांगेत एकच शटर उघडलं. दारात लोखंडी फाटक आडवं पडलेलं होतं. मुकादम बाहेर स्टूल टाकून बसला, सगळ्यांना दिसेल असा. थोड्या वेळाने दोन मोटरसायकली आल्या, आणि त्यांच्यामागे त्याची स्वतःची गाडी. काट्या उतरला.

"दादा, तुम्ही इथे?"

"करायचं नाही."

"कळलं," काट्या म्हणाला. न सांगितलेलं ओळखून दर वेळी म्हणायचा तसंच, त्याच आवाजात.

"तसं नाही. खरंच नाही."

"कळलं ना, दादा."

मुकादम उठला. इतक्या वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं ते आता मोठ्याने काढावं लागणार होतं. "या माणसाला मारायचं नाही," तो म्हणाला. "मी काट्याला सांगतोय, ह्याला मारायचं नाही."

पलीकडे पंक्चर काढणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबला.

"हळू, दादा. रस्ता आहे." काट्याने जवळ येऊन आवाज उतरवला. "सगळ्यांना कळलंय तुम्ही पाणी पिऊन आलात. उद्या हा दुकान उघडून बसला तर पुढच्या वेळी तुम्ही कोणाच्या दारात गेलात की लोक म्हणतील, बसा, चहा टाकतो."

"टाकू दे."

"मला चालेल हो. पोरांना नाही चालणार. पोरं तुमच्यावर नाही, त्या भीतीवर जगतात."

हे खरं होतं, आणि ते त्यानेच शिकवलेलं होतं. मुकादमाने मोटरसायकलवरच्या दोघांकडे पाहिलं. त्यांची नावंही त्याला ठाऊक नव्हती.

"मग पोरं तुझी," तो म्हणाला. "धक्का तुझा, गोदामं तुझी. हा माणूस आणि हा गाळा तेवढा सोड."

काट्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढला की त्याची नजर अशी व्हायची.

"धक्क्यावर यायचं नाही मग."

"नाही येणार."

"बरं," काट्या म्हणाला. त्यापुढे दादा आलं नाही. तो गाडीकडे गेला. ड्रायव्हरने घाईने उतरून मागचं दार उघडलं, आणि काट्या आत बसला. मोटरसायकली पुढे निघाल्या, मागून गाडी.

मुकादम तिथेच उभा राहिला. पाय दुखत होते. काट्या शब्द पाळेल की नाही, याचा अंदाज त्याला करता येईना. आपल्यासारख्या माणसाच्या शब्दावर आजवर कोणकोण विसंबलं असेल, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं.

"झालं का तुमचं?" आतून भाऊजी म्हणाले. "इकडे ये. हे टोक धर. उचलू नकोस, नुसतं धर."

त्याने फाटकाचं टोक धरलं. तसं धरायचं तर रस्त्याकडे पाठ करावी लागत होती. त्याने मान वळवून मागे पाहिलं.

"डोळे मीट," भाऊजी म्हणाले. "तोंडापुढे धरायची काच माझ्याकडे एकच आहे."

तो अजून मागेच बघत होता.

"मीट म्हणतोय ना, धाकट्या. आंधळा होशील."

त्याने डोळे मिटले. ठिणग्यांचा आवाज सुरू झाला.